तीच खोली, तीच खिडकी, भाव मात्र दोन

मालवणहून तारकर्लीकडे जाताना माडांच्या सावलीत एक घरगुती निवास आहे. सहा खोल्या, पुढे सारवलेलं खळं, मागे पाच मिनिटांवर समुद्र. एका मे महिन्यात तिथे राहायचं म्हणून मी तीन आठवडे आधी फोन केला होता, तरी दोनच रात्री मिळाल्या आणि रात्रीचे तीन हजार मोजले. पुढे जुलैत कामानिमित्त त्या बाजूला गेलो, तर निवास चालवणाऱ्या काकींनी तीच खोली बाराशेला दिली. वर सकाळी न मागता उकड्या तांदळाची पेज आणि खारातली कैरी.

चादर तीच, पंखा तोच, खिडकीतून दिसणारा माडही तोच. परत आल्यावर हा हिशेब ज्याला सांगितला त्याने एकच प्रश्न विचारला, "म्हणजे मे महिन्यात तुला अठराशेला गंडवलं?"

हा प्रश्न आपण सगळेच विचारतो. महाबळेश्वरला दिवाळीत, गोव्याला नाताळात, माथेरानला मे महिन्यात खिशाला चाट बसली की हॉटेलवाला लुटारू वाटतो आणि पावसाळ्यात स्वस्तात खोली मिळाली की आपण हुशार वाटतो. या प्रकरणात त्या अठराशे रुपयांचा माग काढायचा आहे. तो काढता काढता पर्यटनाचा 'सीझन' म्हणजे काय, तो कोण ठरवतं आणि तो संपल्यावर त्या गावाचं काय होतं, हेही पाहावं लागेल.

१. आधी मंडईत जाऊ

सकाळी वीस रुपयांना मिळणारी कोथिंबिरीची जुडी रात्री आठला पाच रुपयांना मिळते. भाजीवालीला ठाऊक असतं की ही जुडी उद्या सकाळी फेकावी लागणार आहे. शून्य येण्यापेक्षा पाच बरे.

हॉटेलची खोली कोथिंबिरीपेक्षाही नाशवंत. कोथिंबीर ओल्या फडक्यात एखादी रात्र तग धरते. १० जुलैची रात्र मात्र ११ जुलैला विकता येत नाही आणि मे महिन्यात गिऱ्हाइकांची रांग लागली म्हणून जुलैतल्या रिकाम्या रात्री काढून तिथे लावता येत नाहीत. साखर, सिमेंट, साड्या गोदामात ठेवून भाव आल्यावर काढता येतात. रात्र ठेवायला गोदाम नाही. पर्यटनाच्या धंद्यातली निम्मी डोकेदुखी या एका गोष्टीतून निघते.

दुसरी गोष्ट मंगल कार्यालयवाल्याला विचारा. मुहूर्ताच्या दिवशी त्याच्याकडे एका तारखेसाठी चार वधूपिते उभे असतात आणि चातुर्मासात तोच हॉल भिशीच्या कार्यक्रमालाही स्वस्तात मिळतो. मुहूर्त वाढले म्हणून हॉलच्या भिंती सरकत नाहीत. सहा खोल्यांच्या मे महिन्यात सात होत नाहीत आणि जुलैत दोन मिटून ठेवता येत नाहीत. जागा ठरलेली आणि मागणी मात्र भरती-ओहोटीसारखी, अशी स्थिती असली की भाव वरखाली होणारच.

२. सहा खोल्यांचा हिशेब

आता आकडे घेऊ. हे काकींच्या वहीतले नाहीत, समजण्यासाठी धरलेले आहेत.

समजा, सहा खोल्या बांधायला कर्ज काढलं आणि त्याचा हप्ता महिना २५ हजार. वर्षाचे ३ लाख. कायमचा एक गडी, महिना १० हजार, म्हणजे १ लाख २० हजार. खाऱ्या वाऱ्याने गंजलेले नळ आणि पंखे, पावसानंतरची रंगरंगोटी, घरपट्टी वगैरे मिळून ६० हजार. बेरीज ४ लाख ८० हजार. पाहुणा येवो न येवो, हे पैसे जाणारच. याला आपण 'बसून खर्च' म्हणू.

शिवाय पाहुणा आला की त्याच्यामागे होणारा खर्च. चादरी धुणं, वीज, न्याहारी असं धरून एका खोलीला एका रात्री ५०० रुपये. हा 'उठून खर्च'.

सहा खोल्यांच्या वर्षाला २,१९० रात्री होतात. त्यातल्या समजा ६०० विकल्या गेल्या. बसून खर्च ६०० रात्रींवर वाटला तर प्रत्येकीच्या वाट्याला ८०० रुपये येतात. त्यात उठून खर्चाचे ५०० मिळवले की एक रात्र मालकाला १,३०० रुपयांना पडते. म्हणजे जुलैत मला बाराशेला खोली देऊन काकींनी शंभर रुपये घालवले?

नाही. इथेच पुष्कळांची गफलत होते. कर्जाचा हप्ता मी राहिलो नसतो तरी जाणार होता. माझ्यामुळे वाढलेला खर्च फक्त ५०० रुपयांचा. बाराशेतून ते वजा केले की उरलेले ७०० रुपये हप्त्याच्या कामी आले. रिकामी खोली हप्त्याला एक पैसाही देत नाही. म्हणून सरासरी खर्चाहून कमी भावात खोली देणंही जुलैत शहाणपणाचं असतं.

मग पावसाळ्यात निम्मी गावं कुलूप लावून का बसतात? कारण दार उघडं ठेवायचंही काही मोल असतं. जुलैत स्वयंपाकाला मदतीची बाई ठेवली, वीज जाते म्हणून जनरेटरला तेल आणलं, तर महिन्याला आणखी १४ हजार लागले असं धरा. प्रत्येक रात्रीमागे ७०० सुटतात. म्हणजे २० रात्री विकल्या गेल्या तर बरोबरी. जुलैत सहा खोल्यांच्या १८६ रात्री असतात, त्यातल्या २० जाण्याची खात्री असेल तर दार उघडं ठेवावं. १५ जातील असं वाटलं तर गाद्यांना प्लॅस्टिक घालून स्वस्थ बसावं. अनेक घरगुती निवासांचा पावसाळ्यातला निर्णय कागदावर न मांडता याच हिशेबाने होतो. काकी म्हणाल्या, "पावसात हय कोण येतलो?" त्या चार शब्दांत हे सगळं गणित होतं.

आता अठराशेकडे परत या. बसून खर्चाचे ४ लाख ८० हजार वर्षभराचे आहेत, पण कमावण्याचे दिवस मोजकेच. दिवाळीचा पंधरवडा, नाताळचे दहा-बारा दिवस, मे महिना, थंडीतले शनिवार-रविवार. मे महिन्यातले माझे जादा पैसे जून, जुलै आणि ऑगस्टच्या हप्त्यांत गेले. त्यात काकींचा नफाही होता, तो मी नाकारत नाही. चार जण दारात उभे असताना कोणीही भाव चढाच लावणार. दिवाळीत एसटीनेही अनेकदा हंगामी भाडेवाढ केली आहे. लुटीचा शब्द मी राखून ठेवतो तो ठरलेलं बुकिंग गर्दी पाहून ऐन वेळी मोडणाऱ्यांसाठी.

३. सीझन ठरवतं कोण?

'हवा चांगली असते तेव्हा सीझन' हे उत्तर सगळ्यांना पाठ आहे. ते अर्धंच खरं आहे.

चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. शहाण्या माणसाने दुपारी बाहेर पडू नये अशी ती हवा. तरी ताडोबाच्या सफारीला एप्रिल-मेमध्ये जागा मिळवताना दमछाक होते. गवत वाळलेलं, झाडं उघडी, आणि वाघ पाणवठ्याला चिकटून, म्हणून तो दिसण्याची शक्यता तेव्हाच जास्त. ऑक्टोबरात हवा कितीतरी सुखाची, पण उंच गवतात वाघ शेजारून गेला तरी कळत नाही. म्हणजे कशासाठी जायचं त्यावर सीझन ठरतो.

एकाच सिंधुदुर्ग जिल्ह्यात हे दोन टोकांना दिसतं. मालवणच्या किनाऱ्यावर मे संपता संपता सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या ओढून वर घेतात, स्कूबा आणि पॅरासेलिंग बंद होतं. त्याच जिल्ह्यात घाटावर आंबोलीला जुलै-ऑगस्टच्या रविवारी धबधब्याजवळ गाडी लावायला जागा नसते. पाऊस तोच. तो एका गावाचा धंदा बुडवतो आणि दुसऱ्याचा चालवतो.

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत बार-ऑन हे नाव येतं. १९७५ मध्ये त्यांनी सीझनची कारणं दोन टोपल्यांत घातली. एकीत निसर्ग: ऊन, पाऊस, बर्फ, फुलं. दुसरीत माणसाने घातलेली घडी: शाळांच्या सुट्ट्या, सण, यात्रा, कारखान्यांच्या रजा. आपल्याकडे ही दुसरी टोपली पहिलीपेक्षा जड आहे असं माझं मत आहे. कोकणात फिरायला सर्वांत सुखाचा काळ डिसेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात घामाने कपडे अंगाला चिकटतात, दुपारी वाळू पोळते. पण मुलांना सुट्टी मेमध्ये असते, आंबा-फणस मेमध्ये असतो, आणि मुंबईचे चाकरमानीही तेव्हाच गावी असतात. म्हणून गर्दी मेमध्ये.

गोव्याला तर दोन गिऱ्हाइकांचे दोन सीझन आहेत. इंग्लंड-रशियात गारठा असतो तेव्हा, म्हणजे ऑक्टोबर ते मार्च, तिकडची माणसं उन्हासाठी येतात. ती पांगली की एप्रिल-मेमध्ये आपल्या शाळा सुटतात आणि देशातली कुटुंबं येतात. पहिल्या गिऱ्हाइकाला त्याच्या घरची थंडी ढकलते, दुसऱ्याला शाळेचं वेळापत्रक. गोव्यातला समुद्र दोघांनाही एकच.

४. गव्हर्नरसाहेबांची सवय

कारणांची तिसरी एक टोपली १९९४ मध्ये रिचर्ड बटलर या अभ्यासकाने पुढे आणली. त्यात फॅशन आहे, खेळांचे मोसम आहेत आणि निव्वळ सवयही आहे. सवयीचं उदाहरण शोधायला आपल्याला लांब जायला नको.

१८२० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी महाबळेश्वरला गोऱ्यांची वस्ती वसवली. तिथली बाजारपेठ अजून माल्कम पेठ याच नावाने कागदोपत्री आहे. पुढे मुंबई इलाख्याचं सरकारच वर्षभर फिरू लागलं. थंडीत मुंबई, कडक उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणं. साहेब गेले की कचेरी, कारकून, वकील, संस्थानिक, दुकानदार सगळा लवाजमा मागोमाग. उच्च न्यायालयाची उन्हाळी सुट्टी आणि शाळांची मोठी सुट्टी याच ऋतूत बसली.

साहेब १९४७ मध्ये गेले. मुंबईच्या घरांत आता वातानुकूलन आहे. तरी मे उजाडला की पसरणीच्या घाटात गाड्यांची रांग लागते. आजोबा ज्या महिन्यात गेले त्याच महिन्यात नातू जातो, आणि का जातो विचारलं तर म्हणतो, "मे महिन्यात नाही तर कधी जायचं?" तीच टेकडी पावसाळ्यात पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस झेलते. तेव्हा तिथे न जाण्यात निसर्गाचा हात आहे. फेब्रुवारीत स्ट्रॉबेरी ऐन भरात, हवा निवळ, रस्ते मोकळे, तेव्हा न जाण्यात फक्त सवयीचा.

५. टोक मोजायचं कसं?

सीझन 'आहे' एवढं म्हणून भागत नाही, तो किती टोकदार आहे हे कळायला हवं. त्याला एक सोपी युक्ती आहे. वर्षभराचे पाहुणे बाराने भागा. तो महिन्याचा सरासरी आकडा. त्याला १०० धरा आणि प्रत्येक महिना त्याच्याशी ताडून पाहा.

दोन गावं कल्पा. दोन्हीकडे वर्षाला १२ हजार पाहुणे. पहिल्या गावात दर महिन्याला हजार येतात, म्हणजे बाराही महिने १०० वर. दुसऱ्या गावात मेमध्ये ४,२००, डिसेंबरात ३,०००, नोव्हेंबरात १,८०० आणि उरलेल्या नऊ महिन्यांत मिळून ३,०००. तिथे मेचा आकडा ४२० होतो. जिल्ह्याच्या तक्त्यात ही दोन्ही गावं सारखीच दिसतील, कारण तक्त्यात वर्षाची बेरीज असते. फरक ग्रामपंचायतीच्या पंपावर बसणाऱ्या माणसाला विचारा.

६. पंपावरचा माणूस काय सांगतो

प्रत्येक पाहुणा दोन दिवस राहतो आणि दिवसाला १५० लिटर पाणी वापरतो असं धरू. पहिल्या गावात रोज सरासरी ६६ पाहुणे. पाणी लागलं १० हजार लिटर, एक टँकर. दुसऱ्या गावात मेमध्ये रोज २७१ पाहुणे. पाणी लागलं ४० हजार लिटर, चार टँकर. पाइप, टाकी, शोषखड्डे, कचऱ्याची गाडी हे सगळं त्या एका महिन्याच्या मापाने बांधावं लागतं आणि उरलेलं वर्षभर ते रिकामं पडून राहतं. बांधलं नाही तर मेमध्ये सांडपाणी गटारात आणि कचरा केतकीच्या बनात जातो.

आपल्याकडे यात एक वाईट योग जुळून येतो. कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि जांभ्याच्या उतारावरून तो समुद्राला मिळतो. एप्रिल-मेमध्ये विहिरीचा तळ दिसू लागतो, आणि नेमके तेव्हाच पाहुणे सर्वांत जास्त असतात. पंखा आणि गीझर चालतो का हे पाहुणा आल्या आल्या बघतो, विहिरीत डोकावत नाही. काकींच्या विहिरीला कठड्याच्या आतल्या बाजूला खडूने ओढलेल्या रेघा आहेत. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पाणी तिसऱ्या रेघेखाली गेलं की त्या शॉवर बंद करून बादल्या ठेवतात. काही पाहुणे मग 'सोयी अपुऱ्या' असा शेरा लिहून जातात.

आणि टोकदार सीझनला जोखीमही टोकदार. २०२५ मध्ये मोसमी वारे २५ मेलाच तळकोकणात पोचले, नेहमीपेक्षा दहा-बारा दिवस आधी. शेतकऱ्याची धांदल उडाली हे बातम्यांत आलं. ज्याची वर्षाची निम्मी कमाई मेच्या चार आठवड्यांत होते त्याचा एक आठवडा पाण्यात गेला, त्याला बातमीत फारशी जागा नव्हती. पाऊस उशिरा येण्याची भीती घालणाऱ्या म्हणी आपल्याकडे आहेत, तो लवकर आल्याचं दुःख सांगणारी म्हण अजून तयार व्हायची आहे.

७. आगोट आणि बेगमी

सीझन संपला की तिथली माणसं काय करतात, हे पर्यटकाला दिसत नाही, कारण तो तेव्हा नसतो.

कोकणात पावसाच्या तोंडाला 'आगोट' म्हणतात. आगोटीला घर शाकारायचं, लाकूडफाटा पडवीत घ्यायचा, सुकी मासळी, कोकम, पापड, कडधान्यं भरायची. ती पावसाळ्याची बेगमी. हंगामी धंद्याचं अर्थशास्त्र सांगायला 'बेगमी'हून चांगला शब्द मला सापडलेला नाही. मेची कमाई ही कमाई नसतेच, ती बेगमी असते. होडी ओढून ठेवलेला तरुण जून-जुलैत भाताचा तरवा काढतो, लावणीला उभा राहतो, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असल्याने समुद्रात त्याला तसंही काही करता येत नाही. ज्याच्याकडे शेत आहे त्याचं भागतं. ज्याने शेत विकून खोल्या बांधल्या त्याला जुलै जड जातो.

बाहेरून आलेल्या कामगारांची तऱ्हा वेगळी. गोव्याच्या किनाऱ्यावर थंडीत शाली आणि चांदीचे दागिने विकणारे कित्येक काश्मिरी, तिबेटी दुकानदार उन्हाळ्यात लेह-मनालीकडे सरकतात. नेपाळी आचारीही असेच डोंगर आणि किनारा यांत ये-जा करतात. मेंढपाळ चाऱ्यामागे हिंडतो, तशी ही माणसं सीझनमागे हिंडतात. त्यांना बाराही महिने काम असतं, पण घर कुठलं, मुलं कोणत्या शाळेत, रेशनकार्ड कुठलं, याला उत्तर नसतं. मालकाच्या बाजूनेही तोटा आहेच. दरवर्षी नवी माणसं, दरवर्षी नव्याने शिकवणं. कालवण बरं जमू लागतं तोवर मे संपतो.

८. आठवड्याचाही सीझन असतो

हे थोडक्यात सांगतो. लोणावळा, अलिबाग, माथेरान या गावांना वर्षाचा सीझन आहेच, शिवाय दर आठवड्यालाही आहे. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार पूर, सोमवारी ओहोटी. अलिबागला सोमवारी खोली मागितली तर मालक आधी संशयाने पाहतो आणि मग भाव निम्मा सांगतो. ज्यांना मधल्या वारी सुट्टी घेता येते, म्हणजे निवृत्त मंडळी किंवा घरून काम करणारे, त्यांनी या प्रकरणातून एवढी एक गोष्ट उचलली तरी पुस्तकाची किंमत वसूल होईल.

९. टोक बोथट करायचे प्रयत्न

भाव कमी करणं हा पहिला उपाय, तो आपण पाहिला. त्याची मर्यादाही उघड आहे: पावसात किल्ल्याला होडीच जात नसेल तर खोली फुकट देऊनही कोण येणार? शिवाय कोकण रेल्वेच्या गाड्याही जूनपासून पावसाळी वेळापत्रकावर चालतात, वेग कमी करून. पोचायलाच उशीर.

दुसरा उपाय, ओस महिन्यात नवं कारण तयार करणं. इंग्लंडमधल्या ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावाने १८७९ मध्ये रस्त्यावर विजेचे आठ दिवे लावले आणि ते बघायला लोकांची झुंबड उडाली. पुढे तिथे दरवर्षी उन्हाळा संपता संपता मैलोन्‌मैल रोषणाई होऊ लागली. दिवे बघायला अंधार लागतो, आणि लवकर पडणारा अंधार शरद ऋतूत फुकट मिळतो. जी गोष्ट सीझन मारत होती तिच्यावरच त्यांनी सीझन वाढवला. ही कल्पना मला फार आवडते. केरळनेही असंच केलं. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा कर्किडकम हा त्यांचा मुसळधार पावसाचा महिना, पण आयुर्वेदिक उपचारांना तोच उत्तम ही तिथली जुनी समजूत. त्यांनी ती पर्यटकांपुढे मांडली. वाळवंटी देशांतून निव्वळ पाऊस बघायला येणारेही त्यांना मिळाले. गोव्यातही जूनमध्ये विहिरीत उड्या मारण्याचा सांजाव आणि आषाढातला माशेलचा चिखलकाला आता बाहेरची माणसं पाहायला जातात. ते सण मात्र गावाने गावासाठी मांडलेले आहेत. पाहुण्यांसाठी त्यांची वेळ-तारीख हलवायला लागलो की त्यातलं काय उरेल याची शंका वाटते.

तिसरा उपाय माणसाने घातलेली घडीच उलगडायची. लँकेशायरच्या कापडगिरण्यांची गावं वर्षातून एकदा आठवडाभर बंद राहत, पण सगळी एकदम नाही. या आठवड्यात हे गाव, पुढच्यात ते. त्यामुळे ब्लॅकपूलला उन्हाळाभर गिऱ्हाईक पुरे. फ्रान्सने देशाचे तीन भाग करून शाळांच्या हिवाळी आणि वसंतातल्या सुट्ट्या एकेका आठवड्याने पुढेमागे ठेवल्या आहेत, म्हणजे बर्फाच्या डोंगरांवर एकाच वेळी सगळा देश चढत नाही. आपल्याकडे उन्हामुळे विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, उरलेल्या राज्यातल्या मध्यावर. तेवढा आठवड्या-पंधरवड्याचा फरक आपोआप आहे, पण तो नेमका पावसात पडतो. दिवाळीची सुट्टी हलवता येणार नाही. मोठ्या सुट्टीतला एखादा आठवडा कापून विभागवार फेब्रुवारीत द्यायला काय हरकत आहे, असं मला वाटतं. परीक्षांचं वेळापत्रक सांभाळणाऱ्यांना ते वाटणार नाही.

चौथा उपाय, सीझनच्या कडा रुंद करणं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला समुद्री कासवांची अंडी राखण्याचं काम २००२ पासून चालू आहे. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल या काळात पिल्लं समुद्राकडे निघतात. ती पाहायला येणारे गावकऱ्यांच्याच घरी राहतात, घरचं जेवतात. मे यायच्या आधीच एक लहानसा सीझन उभा राहिला, आणि तो विहिरीला पाणी असताना.

पाचवा, दार अर्धं लावणं. साताऱ्याजवळचं कास पठार ऑगस्टअखेरपासून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत फुलतं. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारशात गेलं आणि लोंढे वाढले. फुलं पाहायला आलेल्यांचे पाय फुलांवरच पडू लागले. आता आगाऊ नोंदणी, प्रवेशशुल्क आणि दिवसाला तीन हजारांची मर्यादा आहे. पाच-सहा आठवड्यांचा सीझन ताणून सहा महिन्यांचा करता येत नाही, तिथे माणसंच मोजून सोडावी लागतात.

१०. ओस महिने ओसच ठेवावेत का?

पर्यटनखात्यांचं स्वप्न 'बाराही महिने पर्यटन' हे असतं. मला ते फारसं पटत नाही.

जून-जुलैची मासेमारीबंदी मासळीच्या विणीसाठी आहे. ताडोबाचा गाभा १ जुलैपासून तीन महिने बंद असतो, रस्ते चिखलात जातात आणि जंगलालाही गाड्यांपासून उसंत मिळते. गोव्यातल्या किनाऱ्यावरचे शॅक मेअखेर उतरवतात, बांबू न्‌ माडाच्या झावळ्या बांधून ठेवतात आणि किनारा समुद्राच्या ताब्यात देतात. भंडारदऱ्याच्या रानात मेअखेरीला काजवे चमकू लागले की मुंबई-पुण्याहून गाड्या निघतात. काजवा अंधारात चमकून जोडीदाराला हाक घालतो. तिथे शंभर गाड्यांचे दिवे लागले की ती हाक कोणाला दिसणार? वनखात्याला रात्रीच्या गर्दीवर बंधनं आणावी लागली. पूर्वी हा काळ तिथे ओसच होता, म्हणून तर काजवे होते.

थायलंडची गोष्ट यात सर्वांत बोलकी आहे. तिथल्या माया बे या छोट्या उपसागराला 'ऑफ-सीझन' असा उरलाच नव्हता. बोटींनी आणि माणसांनी प्रवाळ मोडलं. २०१८ मध्ये सरकारने तो बंद केला, २०२२ च्या आरंभी उघडला, आणि आता दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबर तो ठरवून बंद ठेवतात. जो ऑफ-सीझन गर्दीने संपवला होता तो कायद्याने विकत घ्यावा लागला. आपल्याकडे पाऊस तो फुकट देतो.

त्या जुलैत काकींच्या ओटीवर भिंतीला 'कालनिर्णय' टांगलेलं होतं. मे महिन्याच्या पानावर चौकटीत मावतील तेवढी नावं आणि फोन नंबर, काही खोडून पुन्हा लिहिलेले. जुलैचं पान जवळजवळ कोरं. एका चौकटीत 'लावणी', एका चौकटीत 'गॅस', आणि माझं नाव. पान उलटून पुढे पाहिलं तर गणेशचतुर्थीपासून सहा चौकटींवर एकच आडवी रेघ. मी विचारलं, "हे बुकिंग इतक्या आधी?"

"बुकिंग खयचा? आमचीच माणसां येतत तेव्हा," काकी म्हणाल्या. मुंबईचे दोन दीर, पुण्याची नणंद, त्यांची मुलं. सहाही खोल्या भरतात, काही जण खळ्यात झोपतात. त्या दिवसांत फोन आला तर काकी रेट सांगतच नाहीत.